मोहफूल, कॉकटेल आणि गाळणी

राज्य शासनाने 2021 मध्ये मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध उठवल्यानंतर मेळघाटात, म्हणजे सिपना नदीकाठच्या सेमाडोहसारख्या कोरकू वस्तीच्या गावांच्या परिसरात, मार्च-एप्रिलमध्ये वेचले जाणारे हे फूल पाकाच्या रूपाने कॉकटेलमध्ये आणणे व्यावसायिकांना अधिक सुकर झाले आहे. मात्र त्याबरोबर येणाऱ्या गाळण्याच्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

प्रचलित गाळण्यांपैकी हॉथॉर्न गाळणी म्हणजे कडेला स्प्रिंग बसवलेली सच्छिद्र चकती होय. ती शेकरच्या तोंडावर बसते आणि बोटाने पुढे सरकवून फट अरुंद केली की बर्फ व पुदिन्याची पाने अडवते. जुलेप गाळणी म्हणजे भोके असलेला खोलगट मोठा चमचा. ढवळून केलेल्या, नितळ पेयातील बर्फाचे मोठे खडे रोखण्यापुरतेच तिचे काम असते. हॉथॉर्नखाली शंकूच्या आकाराची बारीक जाळी धरून दोनदा गाळले, तर लिंबाचा गर व बर्फाचा चुरा पेल्यात उतरत नाही.

मोहफुलाच्या बाबतीत मात्र ही तिसरी गाळणीही अपुरी पडते. फूल मांसल असते, त्याच्या पोटात पुंकेसर असतात, झाडाखालून वेचल्यामुळे त्याला माती चिकटलेली असते, आणि गरम पाण्यात भिजल्यावर त्याचा मऊ, चिकट लगदा होतो, जो जाळीची छिद्रे बुजवतो. मग घाईत चमच्याने दाबले की तोच लगदा पेल्यात उतरतो आणि पेय गढूळ होते, तर वाट पाहिली की ते कोमट होते. म्हणून खरे गाळणे बारवर नव्हे, तर आदल्या दिवशी स्वयंपाकघरात झाले पाहिजे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. सुकी फुले आधी चाळून पुंकेसर काढावेत, फुले धुऊन भिजवावीत आणि तो अर्क मलमलीच्या दुहेरी फडक्यातून आपल्या भाराने ठिबकू द्यावा. फडके पिळण्याचा मोह आवरावा, कारण पिळल्याने रस थोडा वाढतो, पण चोथ्याचे बारीक कण त्याहून जास्त येतात. रात्रभर थंड जागी ठेवून वरची निवळी अलगद ओतून घेतली व तिचा पाक केला, की साध्या पेयाला हॉथॉर्न पुरते. लिंबू घालून हलवायचे असेल तरच बारीक जाळी लागते.

साखरेचा अंश मोठा असल्याने हा पाक स्प्रिंगच्या वेटोळ्यांत लवकर वाळतो. तेव्हा प्रत्येक वापरानंतर स्प्रिंग सुटी करून गाळणी कोमट पाण्यात धुवावी.