परतलेल्याचे बिऱ्हाड

परदेशी निघालेल्याला निरोप द्यायला सारी आळी जमते. कायमच्या परतलेल्याला मात्र चार दिवसांत हटकून प्रश्न येतो, "आता पुन्हा कधी जाणार?"

आमच्या सातिवलीचे एक गृहस्थ बावीस वर्षे आखातात नोकरी करून परतले. तिथला मुक्काम नोकरीच्या परवान्याला बांधलेला. नोकरी संपली की बिऱ्हाड हलले! इकडे तुंगारेश्वराचा डोंगर जागच्या जागी आहे, पण पायथ्याशी शेतांच्या जागी कारखान्यांचे गाळे उभे. घरचीही तीच गत. पाणी, वीज, मुलांच्या शाळा, सारे वहिनींनी एकट्याने निभावलेले. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात हेही यांना विचारावे लागे.

"सर, तिकडं रजेचे दिवस मोजायचो. इथं काय मोजू?" ते एकदा म्हणाले.

पांडुरंग खानखोजे १९०६ साली देश सोडून गेले. मेक्सिकोत त्यांनी मक्यावर संशोधन केले. दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवले. १९५५ साली ते कायमचे परतले नि १९६७ साली नागपुरात वारले. एवढ्या कर्तृत्ववान माणसालाही उतारवयात संसार नव्याने मांडावा लागला. तिथे तुमच्याआमच्यासारख्यांचे काय?

अशा माणसाला पाहुण्यासारखे बसवून ठेवू नये, मंडळी. वहिनींनी हे बरोबर ओळखले. यंदा दिवाळीची वाण्याची यादी त्यांनी यजमानांच्या हाती दिली. बाजाराच्या तीन खेपा झाल्या, रवा जाडा आला, थोडी वादावादीही झाली. पण किल्ल्या कुठे असतात, ते आता त्यांना विचारावे लागत नाही.