शेतातले दगड कोणी उचलावेत?

डिचोली, सत्तरी, सांगे येथील शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी एकेक धोंडा वेचून बांध घातले आणि उतारावर भातशेती उभी केली. 1976 च्या कूळ कायदा दुरुस्तीने कसणारे कूळ त्या जमिनीचे मालक ठरले. मात्र खाणींनी टनभर लोहखनिजामागे दोन-तीन टन दगडमाती उपसून ढीग रचले. पावसाळ्यात तीच शेतांत उतरली. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. परंतु निकालाने शेतातला दगड हलत नाही. तो उपसण्याचा भार शेतकऱ्यावर टाकणे हा उघड अन्याय होय. ज्यांनी नफा उचलला, त्यांनीच दगडही उचलावेत. नवे खाणपट्टे देताना सरकारने ही अट प्रथम घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.