हाडांनी तिसऱ्या रिचर्डला निर्दोष ठरवलेले नाही

१/ २०१२ मध्ये लेस्टर येथील एका वाहनतळाखाली, ग्रेफ्रायर्स मठाच्या अवशेषांत, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. तेव्हापासून ‘ट्यूडरांचा अपप्रचार उघडा पडला, राजा निर्दोष ठरला’ असे सर्रास सांगितले जाते. हा निष्कर्ष मुळातच फसवा आहे.

२/ शेक्सपिअरने रंगवलेला वाळका हात आणि कुबड, दोन्ही खोटे ठरले, हे खरे. परंतु कणा एका बाजूस वाकलेला होता. म्हणजेच एक खांदा वर असल्याची जुनी नोंद खरी निघाली!

३/ कवटीवरील ९ जखमा १४८५ च्या बॉसवर्थ रणांगणातील अंत सांगतात. अस्थी सोअर नदीत फेकल्याची दंतकथाही मिटली.

४/ मात्र १४८३ मध्ये लंडनच्या टॉवरमधून नाहीसे झालेले १२ आणि ९ वर्षांचे दोन पुतणे? त्यांच्याविषयी ही हाडे मुकी आहेत.

५/ वाकडा कणा हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, तर धड हात हा निर्दोषत्वाचा पुरावा कसा? शरीरावरून चारित्र्य ठरवण्याची ट्यूडरांची खोड त्यांच्या विरोधकांनीही उचलावी, हे दुर्दैव. पुरावा जिथे थांबतो, तिथे इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही थांबावे.