गडाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

समाजाचे सामर्थ्य त्याच्याजवळ किती यंत्रे आहेत यावरून ठरत नाही. ती यंत्रे चालविण्याची आणि बिघडल्यास पुन्हा उभी करण्याची विद्या त्याच्या हाती आहे काय, यावरून ते ठरते. सातारा-सांगली हा सहकाराचा पट्टा. येथील नागरी बँका, पतसंस्था, साखर कारखाने व रुग्णालये यांचा व्यवहार आज सर्व्हरवर चालतो. खातेदाराची ठेव, उसाच्या वजनाची नोंद, रुग्णाचा पूर्वेतिहास, सारे तेथेच. परंतु हा सर्व्हर सांभाळतो कोण, असे विचारावे तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "ते सगळे कंपनी बघते."

या निश्चिंतपणाचे मोल काय असू शकते, हे जुलै २०२४च्या अखेरीस दिसले. लहान बँकांना संगणकीय सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर संगणकीय हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने खबरदारी म्हणून तिला आपल्या जाळ्यापासून अलग केले आणि देशभरातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय, एटीएमसारखे व्यवहार अडले. ऑगस्ट उजाडताच सेवा पूर्ववत झाली खरी. पण हल्ला एकीकडे आणि खोळंबा खातेदाराचा, हे सत्य त्यातून उघड झाले.

ही विद्या आपल्याला सर्वस्वी परकी नाही. शिवकाळात गडाचा कारभार एकट्याच्या हाती नसे. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनीसाकडे, कोठार कारखानीसाकडे. एक माणूस फितला तरी गड जाऊ नये, अशी ती रचना होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त तर गडावर झरा असला तरी त्यावर विसंबू नये, टाकी बांधून पाण्याचा वेगळा साठा राखावा, अशी स्पष्ट ताकीद आहे. अजिंक्यताऱ्याच्या छायेत राहणाऱ्यांनी सर्व्हर-व्यवस्थापनाकडे याच दृष्टीने पाहावे.

पहिले कौशल्य अधिकारांच्या वाटणीचे. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच प्रवेश; मुख्य व्यवस्थापकाचा पासवर्ड कार्यालयभर फिरता कामा नये आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. दुसरे कौशल्य तटबंदीचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'वर हल्ला होऊन पाच सर्व्हर बाधित झाले आणि रुग्णालयाला अनेक दिवस कागदावर काम करावे लागले. संगणकांच्या जाळ्याचे योग्य विभाग पाडलेले नव्हते, हे कारण पुढे संसदेत सांगण्यात आले. एक दरवाजा फुटला की सारा गड मोकळा, अशी ती अवस्था होती. तिसरे कौशल्य डागडुजी व पहाऱ्याचे. प्रणालीतील सुधारणा वेळेवर बसविणे आणि सर्व्हर स्वतः लिहीत असलेली नोंदवही रोज वाचणे, हे काम नीरस आहे. पण चोराची चाहूल बहुधा तेथेच लागते.

चौथे कौशल्य दुसऱ्या टाक्याचे, म्हणजे बॅकअपचे. 'एम्स'चा रुग्णविषयक डेटा परत मिळाला तो सुरक्षित राहिलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. सातारा जिल्ह्याने ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप सोसला आहे. सांगलीची प्रत साताऱ्यात आणि साताऱ्याची सांगलीत ठेवता येईल. तिसरी प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडून ठेवावी. मात्र बॅकअप घेणे निराळे आणि त्यातून व्यवहार पुन्हा उभा करून पाहणे निराळे. पाचवे कौशल्य लेखनाचे : केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवावा, म्हणजे जाणता माणूस रजेवर गेला तरी संस्था अडत नाही.

क्लाउड आल्यावर याची गरज काय, असे काहींना वाटते. यंत्र दुसऱ्याच्या जागेत असले, तरी अधिकार कोणाला द्यायचे आणि प्रत कोठे ठेवायची, हे आपल्यालाच ठरवावे लागते. जुलै २०२५मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीच्या सेवा थांबविल्या. कंपनीला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा त्या सुरू झाल्या. स्वदेशी म्हणजे परदेशी यंत्राचा द्वेष नव्हे. किल्ल्या आपल्या हाती असणे म्हणजे स्वदेशी.

खर्चाची सबबही टिकणारी नाही. लिनक्स विनामूल्य आहे. जुन्या संगणकावर ते बसवावे, मुद्दाम मोडावे, पुन्हा उभे करावे; प्रमाणपत्रापेक्षा हा अभ्यास मोलाचा. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा लिनक्स गट हे काम करतोच आहे. 'कमवा आणि शिका' ही तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याची देणगी. चार-पाच लहान संस्थांनी मिळून एक अनुभवी व्यवस्थापक नेमावा आणि त्याच्या हाताखाली विद्यार्थ्यांना काम द्यावे. मग आपल्या मुलांना केवळ पुण्या-बंगळुरूचीच वाट धरावी लागणार नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. येत्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : आपल्या बॅकअपमधून संपूर्ण व्यवहार पुन्हा उभा करून शेवटचा कधी पाहिला, आणि तो कोणी पाहिला? उत्तरादाखल तारीख आणि नाव मिळाले, तर गड जागता आहे असे समजावे.