धुळीच्या भरवशावरचा पाऊस

दिवाळीच्या तोंडावर भंडाऱ्यात धान कापणीला येतो आणि पावसाचा हिशेब मांडला जातो. किती पडला, कुठे दडी मारली, धान गर्भावर असताना वेळेत आला का. त्या पाण्यात काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही. यंदाचा दिवाळी अंक त्याच प्रश्नाने उघडतो आहे, कारण आपल्या पश्चिमेला कोराडी, खापरखेडा आणि मौदा ही कोळशावरची वीजकेंद्रे आहेत आणि मोसमी वारे तिकडूनच अंबागड, गायखुरी आणि कोक्याच्या डोंगररानांवर येतात.

निर्मळ पाऊसही किंचित आम्लच असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा पीएच ५.६च्या आसपास राहतो. धुरातले सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ढगात मिसळली की तो आणखी उतरतो. यावर ठरलेले उत्तर असे, की आपल्या कोळशात गंधक कमी. मान्य. अर्धा टक्का धरू. तरी टनामागे दहा किलो सल्फर डायऑक्साइड निघतो. मौद्याचे २,३२० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर तासाला साधारण दीड हजार टन कोळसा लागेल. धूर न धुता सोडला तर तासाला पंधरा टन वायू. फटाक्यांवर दरवर्षी वाद घालणाऱ्यांनी हा आकडाही जवळ ठेवावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युरोपात जंगले वाळली तशी आपल्याकडे वाळलेली नाहीत. खरे आहे, पण त्याचे श्रेय चुनखडीयुक्त धुळीला जाते. तिच्यातले कॅल्शियम आम्ल मारते. आता २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा रोख मुख्यतः धूलिकणांवर आहे, आणि जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने बहुतांश वीजकेंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूट दिली. धूळ कमी झालीच पाहिजे. पण ती जाऊन गंधक तेवढेच राहिले, तर आम्लाला अडवणार कोण? पावसाचे पाणी तपासणाऱ्या हवामान खात्याच्या दहा केंद्रांत नागपूरही आहे, आणि १९८७पासूनच्या नोंदींत बहुतेक ठिकाणी पीएच घसरताना दिसतो. असे आम्ल मातीत उतरत राहिले की काय होते, ते इतरत्र दिसले आहे: अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात आम्ल पावसाने मातीतले कॅल्शियम इतके धुऊन नेले, की १९९९मध्ये संशोधकांनी एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमचे खनिज टाकले. त्यानंतर तिथली झाडे सुधारली.

शिवाय नुसता पीएच फसवू शकतो. धानाला घातलेल्या युरियातून उडणारा अमोनिया हवेत आम्लाला शमवतो, पाऊस निर्दोष दिसतो. पण तोच अमोनिया अमोनियम होऊन मातीत उतरल्यावर जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि आम्ल पुन्हा सुटते. भारी कन्हार जमीन ते पचवील. डोंगरउतारावरच्या हलक्या बर्डी जमिनीत, जिथे ऐन, धावडा आणि तेंदू उभे आहेत, चुन्याची तेवढी शिल्लक नसते. त्यातच पाने हवेतला कोरडा गंधकही धरून ठेवतात आणि सरीत तो खाली सोडतात. म्हणून नागपूरच्या नोंदीवर कोक्याच्या रानाचा निवाडा करता येणार नाही. मोकळ्यावर एक आणि झाडाखाली एक, अशी दोन पाऊसपात्रे रानातच हवीत, आणि त्या पाण्यातले सल्फेट, नायट्रेट, अमोनियम आणि कॅल्शियम वेगवेगळे मोजले जावे.