पांढरी, काळी आणि वॉटर्लू

शेळी राजपत्र वाचत नाही. बाभळीच्या पाल्यावर उन्हाळा काढणारी, बहुतेक काळीभोर, जुळी करडं देणारी जी जात मराठवाड्यात गरिबाच्या दाराशी बांधलेली असते, ती आजही उस्मानाबादीच आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीत तिचं हेच नाव, बाजारात दलालाच्या तोंडीही हेच. जिल्ह्याचं नाव मात्र धाराशिव झालं. २९ जून २०२२ ला एका मंत्रिमंडळाने जाता जाता ठराव केला, दुसऱ्याने आल्या आल्या तोच पुन्हा केला. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राची संमती आली, सप्टेंबरात जिल्ह्याचं आणि तालुक्याचं राजपत्र निघालं आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या. आता अर्जावर जिल्हा धाराशिव लिहायचा आणि जनावराची जात उस्मानाबादी लिहायची. त्यापायी शेळीचं दूध काही आटलेलं नाही.

नाव बदललं ते योग्यच झालं, असं आमचं मत आहे. त्याचं कारण मात्र सभांमधून सांगितलं जातं त्याहून साधं आहे. धाराशिव हे नाव कुणी शोधून काढलेलं नाही. ते गेलंच नव्हतं. १९०४ मध्ये जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गाहून इथे आलं आणि कागदावर उस्मानाबाद उमटलं. गंमत अशी, की १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरात हे नाव छापलेलं आहे आणि निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले १९११ मध्ये. म्हणजे गावावर नाव चढलं ते राजाचं नव्हे, युवराजाचं. त्याच्याही आधी, १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून कंपनीच्या हाती गेला आणि १८६० मध्ये परत आला, तेव्हा इंग्रज कारकुनांनी ‘धाराशिव’चं ‘धारासेओ’ करून टाकलं होतं. ‘ठगाची जबानी’वाला फिलिप मेडोज टेलर त्या काळात नळदुर्गचा कारभार पाहत होता. इतक्या हातांतून फिरूनही नाव टिकलं ते खेड्यातल्या बोलण्यात. एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद असायचं आणि म्हातारी कंडक्टरकडे धाराशिवचं तिकीट मागायची.

याची दुसरी बाजूही आहे. उस्मानाबाद म्हणून शाळेचे दाखले घेतलेल्या, त्या पत्त्यावर पत्रं मागवलेल्या तीन-चार पिढ्या या जिल्ह्यात नांदताहेत. त्यांच्या तोंडून जुनं नाव निसटलं तर डोळे वटारण्याचं कारण नाही. ज्या ‘जिल्हा’ शब्दापुढे आपण धाराशिव लावतो तो अरबी आहे आणि गावागावांच्या शेपटाला लावलेले ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ फारसी आहेत. ते काढायला निघालो तर अर्धा महसूल विभाग मुका होईल.

पण आम्हाला बोलायचं आहे ते वेगळ्याच नावांबद्दल, आणि त्यासाठी जरा लांब, थेट अंटार्क्टिकाला जावं लागेल.

अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर दक्षिण शेटलँड नावाचा बेटांचा पुंजका आहे. मोठी बेटं अकरा, बाकी खडक. जमिनीचा बराचसा भाग बारमाही बर्फाखाली. तिथे कुणी आदिवासी नव्हते, शेत नव्हतं, झाड नव्हतं. १८१९ च्या फेब्रुवारीत विल्यम स्मिथ नावाच्या इंग्रज खलाशाचं गलबत वाऱ्याने दक्षिणेकडे ढकललं गेलं आणि त्याला जमीन दिसली. ऑक्टोबरात तो परत आला, सगळ्यात मोठ्या बेटावर उतरला आणि तिसऱ्या जॉर्जच्या नावाने झेंडा रोवून मोकळा झाला; बेट ‘किंग जॉर्ज’ झालं. हा जॉर्ज तेव्हा आंधळा आणि भ्रमिष्ट होऊन विंडसरच्या वाड्यात पडून होता. पुढच्या जानेवारीत तो गेलाच. १८२१ मध्ये रशियन दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेन तिथून गेला. त्याने नेपोलियनला हरवल्याच्या आनंदात बेटांवर लढायांची रांग लावली : बोरोदिनो, स्मोलेन्स्क, पोलोत्स्क, बेरेझिना, लाइपझिग आणि सगळ्यात मोठ्याला वॉटर्लू. अर्जेंटिनाच्या नकाशात तेच बेट ‘२५ मे’ म्हणून येतं, कारण १८१० मध्ये त्या दिवशी त्यांच्या देशात क्रांती झाली. चिलीने इंग्रजी नावाचा स्पॅनिश तर्जुमा करून ‘रेय होर्हे’ ठेवलं. पेंग्विन एक, बेट एक, नावं चार. तिथे आज रशिया, चीन, कोरिया, पोलंड, ब्राझील अशा देशांची ठाणी शेजारी-शेजारी आहेत. अर्जेंटिनाने तर २०१२ मध्ये आपल्या तिथल्या ठाण्याचं नावही बदललं. हुबानी होतं, आपल्याच एका शास्त्रज्ञाच्या आठवणीने ते कार्लिनी केलं. नामांतराची हौस आपल्याकडेच आहे असं समजू नये.

राजांची आणि लढायांची नावं अशी वरून पडली. पण त्याच बेटांवर दुसऱ्या जातीचीही नावं आहेत, आणि आमचा जीव अडकला आहे तो त्यांच्यात. स्मिथची बातमी फुटली तशी इंग्लंड-अमेरिकेतून सीलच्या कातड्यासाठी गलबतं धावली. चार-पाच हंगामांत त्यांनी किनारे जवळपास निपटून टाकले. ते लोक क्रूर होते, पण दगडधोंड्यांत ते राहिले होते, तिथे त्यांची माणसं बुडाली होती. ज्या अरुंद वाटेने गलबतं फुटली तिला त्यांनी ‘नरकाचं दार’ म्हटलं. एक बेट बाहेरून नुसता डोंगर वाटतो. एका खिंडीतून आत शिरलं की मधोमध मोठं शांत बंदर निघतं, आणि खरं पाहता ते बुडालेलं ज्वालामुखीचं तोंड आहे. त्या बेटाचं नाव पडलं डिसेप्शन, म्हणजे फसवं. त्या खिंडीतून वारा असा फुंकला जातो की तिला ‘नेपच्यूनचा भाता’ म्हणतात. लोहाराचा भाता ज्याने पाहिला आहे त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. ‘किंग जॉर्ज’ ऐकून बेटाबद्दल काहीही कळत नाही. ‘भाता’ ऐकला की नावाडी सुकाणू घट्ट धरतो. फसवं बेट १९६७ आणि १९६९ मध्ये खरोखर फुटलं आणि तिथली संशोधकांची ठाणी मोडली. नाव ठेवणाऱ्यांनी दीडशे वर्षं आधी बजावून ठेवलं होतं.

हा भेद धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. फक्त तो त्याला भेद म्हणत नाही. गाव वसलेली जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. काळीतही चोपण वेगळी, तिथे पाणी मुरत नाही, उभं राहतं. बरड वेगळं, तिथे दोन पाऊस चुकले की पीक माना टाकतं. उपळट म्हणजे पावसाळ्यात जमिनीतून पाणी उमळतं ती जागा. मग आडाचं रान, चिंचेखालची पट्टी, इनामाचा तुकडा, ओढ्याकाठचं, जोगिणीचा माळ. आड बुजून चाळीस वर्षं झाली तरी रान आडाचंच राहतं, आणि कोरड्या वर्षी बोअरचा पॉइंट दाखवायला आलेला पाणाड्या, खरा हुशार असेल तर, नारळ हातावर ठेवण्याआधी म्हाताऱ्याला त्या नावांबद्दलच विचारतो. बालाघाटाच्या या उतारावर, जिथे टँकर हा पाहुणा नसून घरचाच झाला आहे, तिथे शेताचं नाव ही पाण्याची नोंद आहे.

ही सगळी नोंद सरकारी दप्तरात नाही; सातबारावर ‘शेताचं स्थानिक नाव’ असा रकाना आहे तेवढाच. एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. सातबारावर गट अमुक, क्षेत्र अमुक हेक्टर, आकार अमुक. वाटण्या होऊन त्या गटाला पोटहिस्से फुटले. पोराला बापाचं रान नंबराने ठाऊक असतं, नावाने नाही, आणि पोर पुण्याला चाकणच्या कारखान्यात असेल तर नंबरही मोबाइलमधल्या फोटोत. १९७२ च्या जिल्हा गॅझेटियरात गावं आहेत, किल्ले आहेत, देवळं आहेत. शिवार नाही.

आता अंटार्क्टिकाकडे पाहा. तिथल्या संशोधनाचा मेळ घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीने सगळ्या देशांनी दिलेल्या नावांची एकत्र सूची केली आहे. एकेका खडकाला, एकेका हिमनदीच्या सोंडेला नोंद. नाव कुणी दिलं, कोणत्या देशाच्या समितीने, बहुतेक ठिकाणी का, तेही. एकाच बेटाची चार नावं असतील तर चारही शेजारी-शेजारी ठेवलेली, कुणाचं खोडलेलं नाही. १९५९ च्या करारानेही तेच धोरण धरलं : मालकीचे दावे कुणी सोडायची गरज नाही आणि कुणी वाढवायचेही नाहीत, भांडण बर्फात ठेवायचं. १९८३ पासून भारतही त्या करारात आहे. आपणही तिथे दक्षिण गंगोत्री, मैत्री, भारती अशी नावं ठेवली. दक्षिण गंगोत्री पुढे बर्फाखाली गेली, तिची नोंद गेली नाही. भारतीवरच्या टपाल कार्यालयाला तर २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रायोगिक पिनकोड मिळाला : एमएच-१७१८. एमएच म्हणजे आपलं महाराष्ट्र टपाल परिमंडळ. पत्र गोव्याच्या संशोधन केंद्रात जमा होतं आणि जहाज सुटेल तेव्हा निघतं. जिथे वस्तीच नाही त्या बर्फाला आपल्या परिमंडळाचा पत्ता आहे. आणि कळंब किंवा भूम तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर रात्री रुग्णवाहिका बोलवायची तर ‘बोडक्या लिंबापासून आत, मारुतीच्या अंगाला’ असं फोनवर पंधरा मिनिटं सांगत बसावं लागतं. ड्रायव्हर परजिल्ह्यातला असेल तर त्याला लिंब कुठला ते कळत नाही. त्याचा काय दोष? लिंबाची नोंद कुठे आहे?

नाव टिकल्याने काय हाती लागतं याचा दाखला याच जिल्ह्यात पडला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक व्यापाऱ्यांच्या प्रवासवर्णनात आणि टॉलेमीच्या भूगोलात दख्खनमधलं तगर हे मोठं व्यापारी पेठेचं गाव येतं. एकोणिसाव्या शतकात पंडितांनी ते दौलताबादेपासून जुन्नरपर्यंत जमेल तिथे बसवून पाहिलं. १९०१ मध्ये शिलालेखांचा अभ्यासक फ्लीट याने तेरणेकाठच्या तेरवर बोट ठेवलं. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत होते. तगर त्यांच्या ताब्यात नव्हतं, नुसतं बिरुद उरलं होतं. पण त्या बिरुदात गावाचं नाव टिकून राहिलं. अकराव्या शतकातल्या कनकामर मुनीच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरच्या डोंगरातल्या लेण्यांची कथा येते, तीच धाराशिवची लेणी. धाराशिव या नावाचं म्हणावं तर धारासुराच्या वधाची लोककथा दुसऱ्या बाजूला उभी. दोन्ही असू द्याव्यात. तेरची पांढर उकरली तेव्हा मातीतून जुनी पेठ निघाली. ‘पांढर’ हा शब्द मात्र त्याआधीच सांगत होता की इथे माणसं राहून गेलीत.

आणि नाव नुसतं सोबत नेल्याने काय होतं, तेही इथेच पाहायला मिळतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि या जिल्ह्याची गावं मातीत घातली. दोन्ही जिल्ह्यांतली मिळून ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. सास्तूर आपलं नाव घेऊन नव्या जागी गेलं. मागे उरलं ते ‘जुनं गाव’. गावाचं नाव गाडीत घालून नेता येतं. वेशीचं, बारवेचं, कुणाच्या वाड्यामागच्या बोळाचं नेता येत नाही. जुन्या गावच्या दगडमातीत उभं राहून बोट दाखवणारी माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत.

नामांतरावर इतका कागद खर्च झाला आहे तर आणखी थोडा व्हावा. एका उन्हाळ्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने तलाठ्याला (त्यालाही आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे, तर म्हणू) आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन शिवार चालून यावं. त्या दोघांतली एक बाई असावी, कारण पाणवठ्यांची नावं बायकांना जास्त ठाऊक असतात. प्रत्येक रानाचं, ओढ्याचं, पाणंदीचं, टेकाचं बोलीतलं नाव गट नंबरापुढे लिहावं. का पडलं ते सांगता आलं तर तेही. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं सरकारने २०२० मध्ये बदलायला काढली, ते करायलाच हवं होतं. तरी तीही ‘पूर्वीचं नाव’ म्हणून वेगळ्या रकान्यात राहावीत, कारण कुणाला गावाबाहेर कुठल्या दिशेला ठेवलं होतं हे नातवंडांना कळायला हवं. त्याच रकान्यात उस्मानाबादही बसेल, नळदुर्ग जिल्हाही बसेल, इंग्रजांचं धारासेओसुद्धा. जिल्हाधिकारी कार्यालयाला वेगळा निधी लागू नये. लागलाच तर नव्या पाट्या रंगवल्या त्यातला शिल्लक रंग विकावा.

पावसाळ्याआधी चालून घ्यावं. चोपण ओली झाली की त्यातून पाय निघत नाही.