गल्लीचा रस्ता कोणाच्या नावावर आहे?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री अब्बांच्या छातीत दुखायला लागलं. अॅम्ब्युलन्स मेढ्यात वेळेवर आली, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबली. ड्रायव्हर म्हणाला, आत घातली तर चाक रुतेल. शेजारच्या दोन पोरांनी अब्बांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चिखलातून बाहेर नेलं. अल्हम्दुलिल्लाह, ते वाचले. नंतर मी सुट्टी घेऊन कागद शोधायला लागलो. सातबाऱ्यावर तो रस्ता अजून प्लॉट विकणाऱ्याच्याच नावावर निघाला.

"आम्ही घरपट्टी भरतो, मग रस्ता का नाही?" हे आपल्यातला प्रत्येकजण म्हणतो. मीही म्हणायचो. पण घरपट्टी भरल्याने रस्त्याची मालकी बदलत नाही. खासगी जमिनीवर सार्वजनिक पैसा घालायचा नाही, हा नियमही चुकीचा नाही. तो नसता तर प्लॉट पाडून विकणाऱ्या प्रत्येकाने आपला रस्ता लोकांच्या पैशातून करून घेतला असता. खरा प्रश्न वेगळा आहे. खासगी रस्ता सार्वजनिक कधी होतो?

मुंबईपुरतं याचं उत्तर १८८८ च्या महापालिका कायद्यात, कलम ३०६ मध्ये आहे. रस्ता सपाट करून खडी किंवा फरसबंदी झालेली हवी, गटार हवं, दिवे हवेत. हे समाधानकारक असेल आणि मालकाने मागणी केली, तर आयुक्ताने नोटीस लावून तो सार्वजनिक जाहीर करायचा. मोठ्या भागाच्या मालकाने महिन्याच्या आत लेखी हरकत घेतली, तरच थांबायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसऱ्या टीमचा कोड ताब्यात घेताना अशीच यादी लावतो, आणि ती पूर्ण झाली की मग ती डोकेदुखी आमची.

नगरपंचायती १९६५ च्या कायद्याखाली येतात. खासगी रस्ता दुरुस्त करून घेऊन सार्वजनिक जाहीर करण्याची सोय त्यातही आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने नव्या लेआउटसाठी मापं दिली: १५० मीटरपर्यंतच्या अंतर्गत रस्त्याला ९ मीटर रुंदी. तयार रस्ता नाममात्र १ रुपयात प्राधिकरणाच्या ताब्यात द्यायचा. उत्तम. पण ९ मीटर म्हणजे जवळजवळ साडेएकोणतीस फूट. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या आमच्या गल्लीत १२ फूट आहेत. दोन्हीकडची घरं पाडल्याशिवाय ते माप येणार नाही.

म्हणून वसून गेलेल्या गल्ल्यांसाठी वेगळं, लेखी आणि सगळ्या वस्त्यांना सारखं माप हवं. रुंदी आहे ती धरा, पण अॅम्ब्युलन्स आत जाऊन वळली पाहिजे. जावळीचा पाऊस पाहता गटाराला उतार हवाच. पाण्याची पाइप काँक्रीटच्या आधी पडली पाहिजे, नंतर फोडून नाही. आणि आधी हस्तांतर, मग पैसा. निवडणुकीच्या तोंडावर कागदाशिवाय ओतलेलं काँक्रीट मला नको, कारण दोन वर्षांनी ते फुटलं की पुन्हा कोणीच वाली नसतो.

आता आपल्याकडे बघू. आमच्या १२ फुटांतले ३ फूट आम्हीच खाल्लेत. कोणाचा ओटा, कोणाचा जिना, आणि आमची मोरी, जी अब्बांनी मोठ्या हौसेने बांधली होती. ती मी दिवाळीच्या सुट्टीत तोडली. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत.

तुमच्या गल्लीचं असंच असेल तर सातबारा आणि मंजूर नकाशा काढा. रस्ता सार्वजनिक रस्त्यांच्या नोंदीत आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि जमीन विकणारा हयात आहे तोवर त्याची सही घ्या. नंतर त्याच कागदावर वारसांच्या दहा सह्या लागतील, त्यातला एखादा दुबईत असेल.

आमच्या २२ घरांपैकी १७ जणांनी अर्जावर सही केली आहे. उरलेल्या पाचांना ओटा तोडायचा नाही. त्यातले एक माझे सख्खे मामू आहेत. येत्या रविवारी त्यांच्याकडे पुन्हा जातोय, या वेळी अम्मीला सोबत घेऊन.